खालचं बेट

खालच्या बेटावर पाय ठेवायचा नाही, एवढीच एक गोष्ट आम्हाला बजावून सांगितली होती. बाकी झोपडी कशी बांधायची, चूल कुठे मांडायची, दुपारी कुणी पडायचं आणि कुणी जागायचं, ते तुमचं तुम्ही बघा, म्हणाल्या मॅडम. खालच्या बेटाकडे फक्त लांबून बघायचं, मोजायचं आणि लिहायचं. कुत्रा शिरला तर शिरू द्यायचा. कावळा आला तर येऊ द्यायचा.

"आणि पूर आला तर?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात पूर कुठून येईल, काकू?"

"नाही, विचारून ठेवलेलं बरं. तेव्हाही हाताची घडी घालूनच बसायचं का ते."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. मॅडम मात्र हसल्या. तेव्हा त्या हसत असत.

गावानं त्यांचं नाव पक्षीबाई ठेवलं होतं. तोंडावर आम्ही मॅडम म्हणायचो. वयानं आमच्या मुलीएवढी, केस कापलेले, गळ्यात दुर्बीण, पायात पुरुषी बूट. नदीवरचे पक्षी कसे जगतात आणि कशानं मरतात हे शोधायचं, हेच तिचं काम. त्याचा पगार मिळतो हे ऐकून माझ्या जावेनं जो आ वासला तो दोन दिवस मिटला नाही.

आमचे हे नावाडी. सव्वीस वर्षं या काठावरून त्या काठावर माणसं नेली. मग पूल झाला आणि होडी अंगणात पालथी पडली. दोन वर्षं ती तशीच होती, तिच्या पोटाखाली आमची कोंबडी अंडी घालायची. हे दिवसभर ओसरीवर बसून पुलावरून जाणाऱ्या गाड्या मोजायचे. घरात बोलणं कमी झालं होतं. अशात ही बाई दारात आली आणि म्हणाली, नदी माहीत असलेला माणूस हवाय. ह्यांनी त्याच संध्याकाळी होडी सरळ केली, कोंबडीचा काही विचार केला नाही.

उन्हाळ्यात नदी आटली की मधोमध वाळूची दोन बेटं वर येतात. एक वरच्या अंगाला, एक खालच्या. मध्ये गुडघाभर पाणी. त्या वाळूवर सुरय पक्षी अंडी घालतात. पांढराशुभ्र पक्षी, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. घरटं म्हणजे काय, तर वाळूत पोटानं केलेला खळगा. काडी नाही, पान नाही. त्यात दोन-तीन ठिपक्यांची अंडी, पायाखाली आली तरी कळणार नाहीत अशी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, यांच्या आयांनी यांना काही शिकवलं की नाही!

काम असं होतं. वरच्या बेटावर आम्ही राखण करायची. कुत्री हाकलायची, गुरं वळवायची, वाळूच्या गाड्या येऊ द्यायच्या नाहीत. खालच्या बेटावर काहीच करायचं नाही. असे तीन उन्हाळे गेले की दोन्हीकडची पिल्लं मोजायची. राखणीनं फरक पडतो असं दिसलं तर सरकारी कचेरी दर उन्हाळ्यात बेटं बंद ठेवणार, आणखी चार बेटांवर राखणदार नेमणार. फरक दिसला नाही तर राखणही बंद आणि बेटंही वाळू उपसायला मोकळी.

ह्यांनी मला ते घरी समजावून सांगितलं. "समज, दोन पातेल्यांत दूध ठेवलं. एकावर झाकण आहे, एकावर नाही."

"मांजर दूध पितं हे बघायला तीन वर्षं कशाला?"

"आपल्याला माहीत आहे. कचेरीला माहीत नाही."

"मग कचेरीतल्यांनी एक मांजर पाळावं," मी म्हटलं. पण मनातून मला काम पटलं होतं. ह्यांचा आवाज परत आला होता ना घरात.

पहिल्या उन्हाळ्याचे पहिले बारा दिवस मी नियम पाळला. देवाशपथ पाळला. पहाटे उठून चहा, मग ह्यांनी दुर्बीण लावून खालचं बेट मोजायचं आणि मी वहीत लिहायचं, कारण माझं अक्षर बरं. प्रत्येक घरट्याजवळ मॅडमनी चपटा दगड ठेवून त्यावर रंगानं आकडा काढला होता. खालच्या बेटावर अडतीस घरटी होती. संध्याकाळी हे शिसपेन्सिलीला टोक काढून, वहीतले आकडे उतरवायचा तक्त्याचा कागद गुडघ्यावर सपाट करून बसायचे. कागदाचा कोपरा दुमडला तरी चिडायचे. सव्वीस वर्षांत कधी कुणाला पावती दिली नाही, आणि आता अंगात साहेब शिरला होता.

तेराव्या दिवशी हे सामान आणायला गावात गेले होते. दुपारची वेळ, वाळूवर पाय ठेवला तर फोड येईल असं ऊन. झोपडीच्या सावलीत मी बसले होते. नदी पायी ओलांडता येते त्या उतारावरून एक तांबडं कुत्रं लंगडत खालच्या बेटावर आलं. सुरय उठले, किंचाळले, त्याच्या टाळक्यावर झेपावले. कुत्र्यानं कान मागे टाकले आणि नऊ नंबरची दोन अंडी खाल्ली. जिभेनं वाळूसकट चाटून घेतली. मी वहीत लिहिलं, नंबर नऊ, दोन अंडी, कुत्रा. अक्षर हललं होतं, पण लिहिलं.

खरं तेवढ्यानं मी हलले नसते. दुसऱ्या दिवशीचं सांगते. सुरयची मादी उन्हात काय करते, तर नदीवर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी उकडत नाहीत. नऊ नंबरची पाण्यावर गेली, पोट भिजवून आली आणि त्या रिकाम्या खळग्यावर बसली. वाळली की परत जायची, भिजून परत यायची. दिवसभर तिचं हेच चाललं होतं. नुसती वाळू गार ठेवत होती बिचारी.

मला ते बघवलं नाही. दुसरं कुठलं कारण मी देणार नाही.

त्यानंतर कुत्रं दिसलं की मी काठी घेऊन गुडघाभर पाण्यातून धावायची. तेव्हा गुडघे चांगले होते माझे. तोंडानं आवाज करायची नाही, हे बेटाच्या दुसऱ्या टोकाला असले तर ऐकू जाईल म्हणून. नुसती काठी उगारून अंगावर जायचं. ते तांबडं कुत्रं मला ओळखायला लागलं होतं. मी पाण्यात उतरले की शेपूट घालून पळायचं.

"कपडे ओले कसे?" हे विचारायचे.

"भांडी घासायला बसले होते."

"कमरेपर्यंत?"

"मोठी भांडी होती."

झोपडीत एक पातेलं आणि दोन ताटल्या. पण हे गप्प बसले. ह्यांचंही एक होतंच. रोज दुपारी जाळं बघायला म्हणून खालच्या अंगाला जायचे आणि पोटऱ्यांवर, तळहातांवर ओरखडे घेऊन यायचे. "जाळ्याचे," म्हणायचे. जाळं नायलॉनचं, लेकराच्या झबल्यासारखं मऊ. पण मी स्वतःच चोर, मी कसली चौकशी करते! हळद लावून द्यायची आणि विषय बदलायची.

संध्याकाळी मोजणी झाली की हे म्हणायचे, "यंदा खालच्या बेटाचं नशीब बरं दिसतंय."

"असेल."

"कुत्री कमी झाली असतील गावात."

"झाली असतील."

असे तीन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर दोन महिन्यांनी मॅडम आमच्या घरी आल्या. ओसरीवर बसल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला. मी चहा ठेवला तो त्यांनी घेतला नाही. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक हिरवी, एक लाल. दोघी जवळजवळ एकीवर एक, बहिणी-बहिणी हातात हात घालून चालल्यासारख्या.

"हिरवी वरच्या बेटाची. शंभर अंड्यांतून अठ्ठावन्न पिल्लं. लाल खालच्या बेटाची. शंभरातून पंचावन्न."

"म्हणजे चांगलंच की," हे म्हणाले.

"चांगलं नाही, काका. फरकच नाही. राखण केली काय आणि नाही केली काय, पिल्लं तेवढीच. म्हणजे राखणीचा उपयोग नाही, असा त्याचा अर्थ होतो." त्यांनी लॅपटॉप मिटला. "कचेरीनं आधीच सांगितलंय, असं निघालं तर बेटं वाळूला देऊन टाकू. आठ दिवसांनी मला अहवाल द्यायचाय."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटत होतं खूप फरक दिसेल. पण मला काय वाटतं ते लिहून चालत नाही, काकू. जे दिसलं ते लिहावं लागतं."

जाताना त्यांनी ह्यांना नमस्कार केला. म्हणाल्या, तुमच्याइतकी नीट मोजणी माझ्याकडे कुणीच केली नाही. आतून पाणी आणायच्या निमित्तानं मी उठले आणि त्या गेल्यावरच बाहेर आले.

हे ओसरीवर होडीची दोरी वळत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अहो."

"हं."

"खालच्या बेटावरची कुत्री मी हाकलत होते."

दोरी थांबली. "किती वेळा?"

"रोज. कधी दोनदा, कधी चारदा. तुम्ही जाळं बघायला गेलात की."

मला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. नियमाचा एवढा पक्का, कागदाचा कोपरा दुमडू न देणारा. ह्यांनी दोरी बाजूला ठेवली. मग स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाले, "काटे मी टाकले होते."

"कसले काटे?"

"उतारावर. पाण्याखाली. काटेरी फांद्या तोडून, वर दगड ठेवून. कुत्री पोहायचा कंटाळा करतात, उतारावरूनच येतात. म्हटलं, पाय टोचले की परत फिरतील."

"म्हणजे ते ओरखडे..."

"जाळ्यानं कुठे ओरखडे येतात? वेडी आहेस का?"

"आणि माझी भांडी?"

"एक पातेलं घासायला तू रोज कमरेपर्यंत भिजत होतीस. मला काय ते कळत नव्हतं? मला वाटलं अंघोळ करतेस, लाजतेस सांगायला."

मला हसू फुटलं. ह्यांनाही फुटलं. दोन म्हातारे ओसरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शेजारची डोकावून गेली. मग हे हसता हसता एकदम थांबले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसले.

"आपण त्यांना वाचवलं आणि त्यातच मारलं गं," म्हणाले.

"सांगावं लागेल."

"सांगितलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाही सांगितलं तर बेटं जातील. वरचंही जाईल."

हे उठून आत गेले आणि धुतलेला सदरा घालून आले.

मॅडमची खोली शहरात होती, तिसऱ्या मजल्यावर. भिंतीभर नदीचे नकाशे, काचेच्या बाटल्यांत अंड्यांची फुटकी टरफलं, प्रत्येकीवर चिठ्ठी. टेबलावर आमच्याच वह्या, तिन्ही उन्हाळ्यांच्या, रंगीत खुणा लावलेल्या. माझं अक्षर बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे नकाशांकडे बघत उभे राहिले. मग मीच सगळं सांगितलं, काठीपासून काट्यांपर्यंत.

त्यांनी आधी पेन हातात घेतलं. "कोणत्या दिवशी? कोणत्या घरट्यांजवळ? दिवसातून किती वेळा?"

"ते लिहून ठेवलं नाही."

"काटे कधी टाकले? किती दिवस होते?"

"आठवत नाही नक्की," हे म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. टोपण लावलं, परत काढलं, परत लावलं.

"पण मॅडम," मी म्हटलं, "आमच्यामुळेच वाचली ना ती? मग तसं लिहा की. राखणीनं वाचतात. खालचीसुद्धा राखणीनंच वाचली."

"ते मला कळलं, काकू. आत्ता कळलं. पण कशाच्या आधारावर लिहू? न राखलेलं बेट कुठे आहे माझ्याकडे? तीन वर्षांत एकही नाही." त्यांनी हात वह्यांवर ठेवला. "यातलं एक पान मला आता वापरता येणार नाही. माझी तीन वर्षं गेली."

ओरडली असती तर बरं झालं असतं. आम्हाला जा असंही म्हणाली नाही. नुसती दार उघडं धरून उभी राहिली. जिना उतरताना ह्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. होडीत उभं राहून वल्हं मारणारा माणूस, त्याला जिन्याची भीती वाटत होती.

हिवाळा तसाच गेला. होडी परत पालथी झाली. मग एक दिवस फोन आला. मॅडमच होत्या. कसे आहात वगैरे काही नाही. म्हणाल्या, अहवालात सगळं खरं लिहिलं. वरच्या साहेबानं भरल्या बैठकीत विचारलं, तुम्ही मोजणारे नेमले होते का पक्ष्यांचे आजी-आजोबा? सगळे हसले. पण शेवटी एक उन्हाळा वाढवून दिलाय. एकच. यंदा दिसलं तर दिसलं, नाहीतर बेटं वाळूला.

"कुणाला बसवताय?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हालाच."

"आम्हाला? एवढं झाल्यावर?"

"मी दुसरी माणसं बघितली, काका. ती खालच्या बेटावर जाणार नाहीत, खरं आहे. पण वरच्यावरही जाणार नाहीत, झोपडीत झोपतील आणि आकडे मनानं लिहितील. तुम्ही काय केलंत ते तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत." मग म्हणाल्या, "काकूंना विचारा, जमेल का. खरंच विचारा. नाही जमणार तर आत्ताच नाही म्हणा."

ह्यांनी फोन माझ्याकडे धरला. मी म्हटलं, जमेल.

चौथ्या उन्हाळ्यात बेटावर गेलो त्या दिवशी ह्यांनी सामानातला कोयता काढून मॅडमच्या हातात दिला. चुलीचं सरपण तोडूनच आणलं होतं. वरच्या बेटासाठी एक काठी लागणार होती, ती ह्यांनी स्वतःच्या उशाशी ठेवली. माझी जुनी काठी, तीन वर्षं माझ्या हातानं गुळगुळीत झालेली, मी पहिल्याच सकाळी चहाखाली घातली. ओली नव्हती, लगेच पेटली.

त्या वर्षी खालच्या बेटावर एकेचाळीस घरटी होती. दरवर्षीपेक्षा जास्त. गेल्या तीन वर्षांत तिथे जी पिल्लं मोठी झाली त्यांतलीच काही परत आली असतील, असं हे म्हणाले. मी म्हटलं, असलं काही मला सांगू नका.

कुत्री नवव्या दिवशी आली. आता ती तीन होती. तांबडं पुढे, म्हातारं झालेलं, अजून लंगडणारं. पाण्याजवळ येऊन ते थांबलं आणि आमच्या झोपडीकडे बघत राहिलं. मी उभी राहिले नाही. ते आणखी थोडा वेळ थांबलं, मग उतारावर उतरलं. काटे नव्हते.

"लिही," हे म्हणाले. डोळ्याला दुर्बीण. "नंबर चार, तीन अंडी. नंबर पाच, दोन. नंबर अकरा, दोन."

मी लिहीत होते.

"नंबर बारा."

"किती?"

"थांब, दिसत नाही." दुर्बीण काढून ह्यांनी डोळे पुसले. "तीन."

एकेचाळिसाची बत्तीस झाली. चार दिवसांनी एकवीस. एके दिवशी चार गुरं बेटावरून सरळ चालत गेली, मनात काही नसताना, आणि सहा घरटी त्यांच्या खुरांखाली गेली. कावळे रोज येत. मी स्वयंपाक करताना नदीकडे पाठ करून बसायला लागले. पण किंचाळणं कानात यायचंच. कापूस घालून बघितला. हे म्हणाले, काढ, वरच्या बेटावर काही झालं तर ऐकू यायला हवं. तेही खरंच होतं. वरच्या बेटावर पिल्लं निघायला लागली होती, वाळूच्या रंगाची, चिमूटभर, पाण्याच्या कडेनं पळत सुटायची. आमच्याकडून कधी नव्हे इतकी नीट राखण चालली होती. हे रात्रीचेसुद्धा दोनदा फेरी मारून यायचे. त्या पिल्लांकडे बघून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटायची.

एका दुपारी मी उठले. खरं सांगते, उठले. कपडे गुडघ्यापर्यंत खोचले आणि पाण्यापर्यंत गेले. हातात काही नव्हतं, नुसती गेले. मागून हे आले. त्यांनी माझं मनगट धरलं. ओरडले नाहीत.

"पाणी आणायला निघालीस ना?" म्हणाले.

"हो."

"मग भांडं विसरलीस."

मी वाळूवरच बसले आणि रडले. हे माझ्याशेजारी उन्हात बसले, मनगट धरूनच. समोर तांबडं कुत्रं एकोणीस नंबरच्या खळग्यात नाक खुपसून उभं होतं.

सगळ्यात शेवटचं घरटं सत्तावीस नंबरचं. बेटाच्या टोकाला, उतारापासून लांब, म्हणून टिकलं होतं. दोन अंड्यांतून दोन पिल्लं निघाली. बाकीचे सगळे सुरय निघून गेले होते, हे एक जोडपं तेवढं उरलं होतं. सात दिवसांची झाली पिल्लं. मी मनात म्हणत होते, दोन, फक्त दोन. दोनानं काय होतंय मॅडमच्या रेघेचं? दोन राहिली तरी ती रेघ खाली जाणारच आहे.

आठव्या दिवशी सकाळीच कुत्री आली. नर त्यांच्या डोक्यावर झेपावत राहिला. मादीनं काय करावं? ती बेट सोडून सरळ पाण्यावरून आमच्याकडे आली. आमच्या झोपडीवर घिरट्या घालत किंचाळायला लागली. इतकी खाली की तिच्या पंखांचा वारा लागत होता. झोपडीवरून खालच्या बेटाकडे जायची, परत झोपडीवर यायची. तीन वर्षं याच झोपडीतली बाई काठी घेऊन धावत आली होती ना. मॅडमना नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, पक्षी तसा विचार करत नाहीत, काकू, ती घाबरून सैरावैरा उडत असेल. असेल. त्या शिकलेल्या आहेत.

हे दुर्बीण लावून उभे होते. मी वही मांडीवर घेऊन बसले होते. ती डोक्यावर ओरडत होती, मी वर बघितलं नाही. मान वर केली असती तर मी उठले असते.

"लिही," हे म्हणाले. मग दुर्बीण खाली ठेवली. मी न विचारता लिहिलं.

दुपारी मॅडमचा फोन आला. दर आठवड्याला यायचा तसाच.

"वरचं बेट?"

"अठ्ठ्याहत्तर पिल्लं. पंचवीस उडायला लागली."

"अठ्ठ्याहत्तर!" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात जीव होता. "काकू, म्हणजे सहाही बेटं वाचली. कळतंय का तुम्हाला? दरवर्षी वाचतील." मग त्यांनी श्वास घेतला. "आणि खालचं?"

"शून्य."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग हळूच विचारलं. विचारायलाच हवं होतं त्यांना, मला राग नाही.

"नक्की, काकू?"

"नक्की," मी म्हटलं. "मी जागची हलले नाही."